ग्रंथालयात विषय नको, प्रश्न घेऊन जा : खानदेशातल्या नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी

एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.चा प्रवेश होतो पावसाळ्यात आणि ग्रंथालयाची आठवण येते प्रकल्प जमा करायला पंधरा दिवस उरले की. मग काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं : "सर, केळीवर काही आहे का?" हाती लागतं एखादं जुनं पाठ्यपुस्तक, तेही पदवीच्या पातळीचं. विद्यार्थी बाहेर येऊन सांगतो, लायब्ररीत काहीच नाही. खरं तर त्याच्या कामाची पुस्तकं तीन वेगवेगळ्या रॅकवर असतात, प्रबंध नेटवर फुकट असतात आणि लेख त्या जर्नल्समध्ये असतात ज्यांची वर्गणी आधीच भरलेली असते. चुकतो तो क्रम.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले विद्यार्थी समोर ठेवून हे लिहिलंय. त्यात विद्यापीठाच्या विभागांत शिकणारे आले आणि संलग्न महाविद्यालयांतलेही. नव्याने पीएच.डी.ला नोंदणी केलेल्यांनाही बहुतेक टप्पे तसेच्या तसे लागू पडतात. वेळा, एका वेळी किती पुस्तकं, दंड किती, या गोष्टी बदलत राहतात. त्या नोटीस बोर्डावरून टिपून घ्या.

## टप्पा १ : कार्ड आणि कागदपत्रं (प्रवेशानंतर लगेच)

ओळखपत्र हातात पडेपर्यंत थांबू नका. ओळखपत्राला उशीर लागतो आणि तेवढ्यात पहिलं सत्र अर्धं सरतं. फी भरल्याची पावती, प्रवेश निश्चितीचा कागद, दोन पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन काउंटरवर जा आणि तात्पुरती नोंद होते का ते विचारा. "काय जोयजे भाऊ?" असं आतून आलं की घाबरून "काही नाही, बघायला आलो होतो" म्हणू नका. मेंबरशिपचा फॉर्म मागा.

अनामत रक्कम घेतली असेल तर तिची पावती फाइलला लावा आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. ही रक्कम परत मिळते, पण पावतीवर.

संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. विद्यापीठाचं केंद्रीय ग्रंथालय आपोआप तुमचं होत नाही. तुमचं पहिलं ग्रंथालय म्हणजे तुमच्या कॉलेजचं. विद्यापीठात बसून वाचायचं असेल तर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र लागेल असं धरूनच चाला. पत्रात तुमचं नाव, वर्ग, विषय, कशासाठी आणि कोणत्या तारखांना वाचायचंय, हे सगळं यायला हवं. "सदर विद्यार्थ्यास सहकार्य करावे" एवढ्या मोघम पत्रावर सहकार्यही मोघमच मिळतं.

सावधान : अक्कलकुवा, शहादा, चोपडा किंवा रावेरहून येणार असाल तर निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा : आज ग्रंथालय चालू आहे का, आणि पुस्तक देवघेव किती वाजता बंद होते? वाचनकक्ष उशिरापर्यंत उघडा असतो म्हणून काउंटरही उघडा असेलच असं नाही. विद्यापीठ जळगाव शहरात नाही, गिरणा ओलांडून बांभोरीजवळ आहे. बस स्थानकावरून तिथवर पोहोचायचा वेळही हिशेबात धरा.

## टप्पा २ : ई-मेल आणि घरून प्रवेश (कॅम्पसवर असतानाच)

बहुतेकांना हा टप्पा असतो हेच ठाऊक नसतं. संस्थेने वर्गणी भरलेली जर्नल्स कॅम्पसच्या इंटरनेटवर थेट उघडतात. घरी तोच लेख उघडला की पैसे मागतो. घरून वाचायचं तर इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाचं, ग्रंथालयांना जोडणारं केंद्र) 'इन्फेड' या व्यवस्थेतून लॉगिन करावं लागतं आणि ते खातं तुमच्या संस्थेने मंजूर केलेलं असावं लागतं.

म्हणून पहिल्याच भेटीत ग्रंथपालांना सरळ विचारा : "मॅडम, मला ई-रिसोर्सेसचं लॉगिन कुठून मिळेल?" संस्थेचा ई-मेल मिळत असेल तर आधी तो चालू करा, मग लॉगिन मागा. संलग्न अनुदानित महाविद्यालयांत बहुधा 'एन-लिस्ट' असतं, म्हणजे महाविद्यालयांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी योजना. त्याचा युजरनेम-पासवर्ड तुमच्याच कॉलेजचे ग्रंथपाल देतात, विद्यापीठ नाही.

पासवर्ड आला की तिथल्या तिथे, कॅम्पस सोडण्याआधी, मोबाइल डेटावर एक लेख उघडून पाहा. वाय-फाय बंद करायला विसरू नका, नाहीतर लॉगिन चाललं की कॅम्पसचं नेट चाललं, हे कळणारच नाही.

## टप्पा ३ : प्रश्न आणि शब्दांची वही (घरी, शांतपणे)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे वाचवलेला तास पुढे आठवडा खातो.

"खानदेशातील केळी" हा विषय झाला. त्यावर पुस्तक मागितलं तर लागवडीपासून वेफर्सपर्यंत काहीही हाती येईल. प्रश्न असा हवा : "रावेर आणि यावल तालुक्यांतल्या अल्पभूधारक केळी उत्पादकांना फळपीक विम्याची भरपाई वेळेवर मिळते का आणि न मिळाल्यास ते कर्ज कुठून उचलतात?" आता त्यात चार धागे दिसतात : केळी, अल्पभूधारक, पीक विमा, शेतीकर्ज. शोध या चारांचा घ्यायचा. आधी वेगवेगळा, मग जोड्या लावून.

वहीच्या एका पानावर प्रत्येक धाग्याखाली लिहा :

- मराठीतले पर्यायी शब्द. पीक विमा, फळपीक विमा, हवामानावर आधारित विमा योजना, नुकसानभरपाई.
- त्याच गोष्टींचे इंग्रजी शब्द, एकवचन-अनेकवचनासह.
- सरकारी कागदावरचा शब्द. तुम्ही 'छोटा शेतकरी' म्हणता, अहवाल 'अल्प व अत्यल्प भूधारक' म्हणतो.
- गावोगाव चालणारा शब्द. तो कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, पण मुलाखती घ्याल तेव्हा लागेल.

खानदेशावर काम करणाऱ्यांनी जागांच्या नावांसाठी एक पान वेगळं ठेवा. आपल्या प्रदेशाची नावं आणि सीमा इतक्या वेळा बदलल्यात की एकाच नावाने शोधणाऱ्याला अर्धं साहित्य दिसतच नाही. १९०६मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. त्यामुळे १९०६ ते महाराष्ट्र राज्य होईपर्यंतच्या जनगणना आणि सरकारी अहवालांत 'जळगाव जिल्हा' शोधून काही मिळत नाही, 'पूर्व खानदेश' शोधावं लागतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधीची तळोदा, नवापूर, अक्राणीची आकडेवारी धुळे जिल्ह्यात बघायची. शिवाय 'खानदेश' आणि 'खान्देश' ही दोन्ही लेखनं चालतात आणि संगणकाला ती दोन वेगळी गावं वाटतात. इंग्रजीत जुन्या नोंदी 'के'ऐवजी 'सी'नेही सुरू होतात आणि धुळ्याचं 'धुलिया' होतं. सगळी रूपं वहीत लिहून ठेवा.

भाषेवर काम करणाऱ्यांसाठी असंच एक ठिकाण. ब्रिटिश काळातल्या भाषाअभ्यासक ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात अहिराणी शोधायला विद्यार्थी मराठीचा सातवा खंड काढतात आणि हात हलवत परततात. अहिराणीची नोंद 'खानदेशी' या नावाखाली, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांसोबत आहे. ग्रिअर्सनने असं का केलं यावर वाद घाला, तोच कदाचित तुमचा प्रश्न होईल. पण आधी खंड तर बरोबर काढा.

तपासून पाहा : तुमचा प्रश्न प्रश्नचिन्हाने संपतो का? प्रत्येक धाग्याखाली मराठी-इंग्रजी मिळून निदान पाच-सहा शब्द आहेत का? नसतील तर ग्रंथालयाची फेरी पुढे ढकला.

## टप्पा ४ : ओपॅकवर शोध (घरून किंवा ग्रंथालयातल्या संगणकावर)

ओपॅक म्हणजे ग्रंथालयाचा संगणकीय कॅटलॉग. तो गूगल नाही. तुम्ही टाकलेली अक्षरं नोंदीत असतील तरच तो दाखवतो. लांबलचक वाक्य टाकलं की उत्तर शून्य. एक किंवा दोनच शब्द टाका.

मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन लिपीत असतात आणि पुष्कळदा एकाच ग्रंथालयात दोन्ही तऱ्हा सापडतात. म्हणून प्रत्येक मराठी शब्द दोन्ही लिपींत टाकून बघा. रोमनमध्ये 'केळी' एका 'ई'ने लिहिलं असेल की दोन, 'ळ'ला 'एल' वापरला की 'एलएच', हे नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर असतं. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं टाकून यादी चाळणं बरं पडतं.

एक तरी कामाचं पुस्तक सापडलं की शोधपेटी सोडा. त्या नोंदीत 'विषय' नावाच्या रकान्यात जे शब्द असतात त्यांवर क्लिक करा. त्याच विषयाखाली नोंदवलेली बाकीची पुस्तकं, ज्यांच्या नावात तुमचा शब्द नाही तीसुद्धा, समोर येतात. ही एक युक्ती अंगवळणी पडली तर निम्मं काम होतं.

वहीत प्रत्येक पुस्तकाच्या चार गोष्टी उतरवा : नाव, लेखक, कॉल नंबर (पुस्तकाचा रॅकवरचा पत्ता) आणि स्थिती. स्थितीत 'इश्यूड' दिसलं तर पुस्तक आरक्षित करा. 'रेफरन्स' दिसलं तर ते घरी मिळणार नाही, तिथेच बसून वाचायची तयारी ठेवा.

सावधान : दाखल क्रमांक आणि कॉल नंबर यांत गल्लत करू नका. दाखल क्रमांक त्या एका प्रतीचा असतो, त्यावरून रॅक सापडत नाही. कर्मचाऱ्याला दाखल क्रमांकाची चिठ्ठी देऊन "पुस्तक शोधून द्या" म्हणणारे रोज दिसतात.

## टप्पा ५ : रॅकपर्यंत (कॉल नंबर वाचायचा कसा)

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीने लावलेली असतात. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत वर वर्गांक असतो, खाली लेखकाच्या नावाची अक्षरं, कधी त्याखाली खंड किंवा प्रत.

वर्गांक दशांश अपूर्णांकासारखा वाचायचा. ६३४.७७२ हा केळीचा अंक, ६३४.८ द्राक्षांचा. रॅकवर केळी आधी येते, द्राक्षं नंतर, कारण बिंदूनंतर ७ हा ८च्या आधी येतो. पण "सातशे बहात्तर आठापेक्षा मोठे" असा हिशेब करून विद्यार्थी द्राक्षांच्या पलीकडे शोधत बसतात आणि पुस्तक गहाळ झाल्याची तक्रार करतात. त्याच रीतीने मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३.

आता मघाच्या प्रश्नाकडे या. केळीची लागवड ६३४.७७२ला, विमा ३६८ला, शेतीचं अर्थकारण ३३८.१ला. एकाच प्रकल्पाची पुस्तकं इमारतीच्या तीन कोपऱ्यांत. "केळीचा रॅक कुठे?" असं विचारणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी शेतीशास्त्राच्या रॅकपुढे उभा राहून परत जातो, तो यामुळेच.

हवं ते पुस्तक सापडलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दहा-दहा पुस्तकं चाळा. अनुक्रमणिका आणि शेवटची संदर्भसूची बघा, मधलं आत्ता वाचू नका. चाळून झालेलं पुस्तक स्वतः रॅकवर खोचू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीत ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढची वार्षिक मोजणी होईपर्यंत कुणालाच सापडत नाही.

पुस्तक जागेवर नसेल तर हार मानण्याआधी क्रमाने बघा : परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली, पाठ्यपुस्तकांचा वेगळा विभाग, बांधणीला गेलेल्यांची यादी, तुमच्या विभागाचं ग्रंथालय. मग काउंटरवर.

अभ्यासिकेबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं. एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांनी खुर्च्या भरलेल्या पाहून नवे विद्यार्थी दारातूनच मागे फिरतात. अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. रॅकचा आणि संदर्भ विभागाचा हॉल निराळा असतो आणि तिथे सहसा जागा असते.

## टप्पा ६ : टिपणं आणि फोटो

छोटा टप्पा, पण पुढे रडवतो तो हाच. पुस्तकातलं कुठलंही पान मोबाइलने टिपण्याआधी तीन फोटो काढा : शीर्षकपान, त्याची मागची बाजू (प्रकाशक, वर्ष, आवृत्ती तिथे असतं) आणि कण्यावरचा कॉल नंबर. मग हवी ती पानं, पृष्ठांक दिसेल अशी. प्रकल्प टाइप करताना "हे कुठल्या पुस्तकातलं पान?" म्हणून पुन्हा बस पकडून येण्याची पाळी येत नाही.

जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य वहीत अवतरणचिन्हांत ठेवा आणि स्वतःच्या शब्दांतलं वेगळ्या शाईत. दोन महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही कुठलं वाक्य कुणाचं, आणि वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणं इथूनच सुरू होतात, लबाडीतून नव्हे.

सगळं पुस्तक झेरॉक्स करून मागू नका. अभ्यासासाठी काही भाग घ्यायला १९५७चा कॉपीराइट कायदा वाव देतो. अख्खं पुस्तक ही वेगळी गोष्ट.

## टप्पा ७ : शोधगंगा (प्रबंध वाचायची रीत)

भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर फुकट वाचायला मिळतात. लॉगिन लागत नाही. नोंदणी झालेल्या विषयांचे संशोधन आराखडे 'शोधगंगोत्री'वर असतात. पीएच.डी.चा विषय ठरवताना दोन्ही बघा, नाहीतर तुमचाच विषय नागपूर किंवा कोल्हापूरला कुणीतरी आधीच घेतलेला निघतो.

प्रबंध एका फाइलमध्ये नसतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, प्रकरणं, संदर्भसूची, सगळ्या वेगळ्या पीडीएफ. पहिली फाइल उघडली, त्यात प्रमाणपत्र दिसलं, "प्रबंध अपूर्ण आहे" म्हणून बंद केला, असं करू नका. माझ्या मते उघडायचा क्रम असा असावा :

१. संदर्भसूचीची फाइल. तिच्यातून तुमच्या कामाची नावं वहीत घ्या आणि ओपॅकवर परत जा.
२. पूर्वसंशोधनाचा आढावा. कोणी काय केलंय हे एका बैठकीत कळतं.
३. निष्कर्ष आणि पुढील संशोधनाच्या दिशा. नव्या विद्यार्थ्याला प्रश्न सापडतो तो बहुधा इथे.
४. परिशिष्टातली प्रश्नावली. नक्कल करायला नाही, प्रश्न कसे विचारले हे बघायला.

मधली प्रकरणं शेवटी, तीही गरजेपुरती.

जुने मराठी प्रबंध बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. त्यांत कंट्रोल-एफ दाबून शब्द सापडत नाही. "शब्द नाही म्हणजे विषयच नाही" असा अर्थ काढू नका, डोळ्यांनी पानं चाळा. शोधतानाही शीर्षक रोमन, इंग्रजी आणि देवनागरी अशा तिन्ही तऱ्हांनी टाका.

सावधान : प्रबंध शोधगंगेवर आहे म्हणून तो चांगला आहे असं नाही. त्यातला आकडा उचलण्याआधी तो आकडा मुळात जिथून घेतलाय तिथे जाऊन बघा. जिल्ह्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' आणि २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका ही मूळ ठिकाणं आहेत. दुसऱ्याच्या प्रबंधातून घेतलेल्या आकड्याबरोबर त्याची टायपिंगची चूकही तुमच्या गळ्यात पडते.

## टप्पा ८ : जर्नल्स

पैसे मागणारं पान आलं की कार्ड काढू नका. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी त्याला ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तुमची संस्था त्यात बसते का हे ग्रंथपालांकडून कळून घ्या. बसत असेल आणि तरीही पान पैसे मागत असेल, तर तुम्ही लॉगिन न करता गूगलवरून थेट आत शिरलाय. मागे या, टप्पा २मधल्या लॉगिनमधून जा.

शोधताना शब्दांची जोडी 'अँड'ने लावा, पर्यायी शब्द 'ऑर'ने, आणि दोन-तीन शब्दांचा पक्का समूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. निकाल हजारांत आले तर एक धागा वाढवा, चार-पाचच आले तर एक गाळा. गावाचं नाव शेवटी टाका. रावेरच्या केळीवर लेख नसेल, पण तमिळनाडूतल्या केळीच्या विम्यावर असेल, आणि तुमच्या प्रकल्पाची मांडणी त्यावरून उभी राहू शकते.

लेख मिळाला की आधी सारांश, मग निष्कर्ष, मग कामाचा वाटला तरच मधलं.

स्वतःचा लेख छापायचाय? मेसेजवर "तीन दिवसांत प्रकाशन, फी अमुक" अशी जाहिरात आली की ती पुसून टाका. यूजीसी-केअर यादीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नल्सची यादी) शिक्का दाखवून पैसे मागणाऱ्यांपासून तर आणखी लांब. ती यादीच फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली आहे. जर्नल पारखायचं असेल तर त्याचे जुने अंक उघडून बघा आणि मार्गदर्शकांना दाखवा.

## टप्पा ९ : जे इथे नाही ते

ओपॅकवर नाही, शोधगंगेवर नाही, जर्नलमध्ये नाही, अशी चार-दोन नावं उरतातच. ती टाकून देऊ नका.

इन्फ्लिबनेटच्या 'इंडकॅट'वर भारतभरातल्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र बघता येतात. पुस्तक कुठे आहे ते कळलं की आंतरग्रंथालयीन देवघेवीचा फॉर्म भरा. तुमचं ग्रंथालय 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर लेखाची प्रतही मागवता येते. फॉर्मवर लेखक, लेखाचं नाव, जर्नल, वर्ष, खंड, अंक, पृष्ठं, सगळं भरा. एक रकाना रिकामा राहिला की अर्ज तिथेच पडून राहतो. याला वेळ लागतो, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच मागणी टाका. कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'वर आणि राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाकडे शोधा. १८८०चा खानदेशाचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, नेटवर वाचायला मिळतो. त्यासाठी रॅकवर धूळ झाडत बसायचं कारण नाही.

इतिहास, मराठी, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मात्र जळगावच्या बाहेर पाऊल टाकायलाच हवं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात गेले आणि त्यांचे कागद सांभाळण्यासाठी काही दिवसांतच, जानेवारी १९२७मध्ये, मंडळ उभं राहिलं. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान केंद्र आहे.

अशा ठिकाणी जाताना :

- आधी फोन किंवा पत्राने वेळ घ्या. ओपॅक बघून थेट दारात उभं राहण्याची ही जागा नाही.
- विभागप्रमुखांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र मूळ प्रतीत न्या.
- शाईचं पेन पिशवीत ठेवा, टिपणं पेन्सिलने घ्या. पानाला थुंकी लावून उलटू नका.
- फोटोची परवानगी आधी मागा. नाही म्हटलं तर नाही.
- कागद मोडीत असेल तर मोडी शिकून जा किंवा वाचणारा सोबत न्या. तिथल्या लोकांनी तुम्हाला पानभर मोडी वाचून दाखवावी ही अपेक्षा बरी नव्हे.

जाण्याआधी आपल्या ग्रंथालयातलं छापील साहित्य वाचून झालेलं असावं. जे छापून आलंय त्यासाठी मूळ दप्तर काढायला लावणाऱ्याला दुसऱ्यांदा फारसं कुणी दाद देत नाही.

## टप्पा १० : संदर्भसूची आणि साम्य तपासणी

संदर्भसूची शेवटच्या रात्री करायची नसते. संदर्भ नोंदवून ठेवणारं 'झोटेरो' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या पुस्तकापासून त्यात नोंद करा. आयएसबीएन टाकून इंग्रजी पुस्तकाची माहिती बहुधा आपोआप भरते, मराठीची क्वचितच. मराठी नोंदी टप्पा ६मधल्या शीर्षकपानाच्या फोटोवरून हाताने भरा. आडनाव आधी की नाव, पूर्ण नाव की आद्याक्षरं, देवनागरी की रोमन, हे विभागाच्या नियमाप्रमाणे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

पीएच.डी. प्रबंधाची साम्य तपासणी (मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते बघणं) बहुतेक विद्यापीठांत ग्रंथालयामार्फत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम असे आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांना ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६०च्या वर नोंदणीच रद्द. नीट श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळले जातात.

दहा टक्क्यांच्या आत बसवण्यासाठी शब्द उलटेपालटे करून देणारी दुकानं आहेत. 'शेतकरी'च्या जागी 'कृषक' आणि 'पाऊस'च्या जागी 'पर्जन्य' टाकलेला उतारा मार्गदर्शकांना पहिल्याच वाचनात ओळखू येतो. आणि मशीनने मराठीत साम्य कमी दाखवलं म्हणून सुटलो असंही समजू नका. ज्याच्या प्रबंधातून उचललंत, तोच बहिःस्थ परीक्षक म्हणून यायचा.

तपासून पाहा : मजकुरात ज्याचं नाव आलंय तो प्रत्येक जण सूचीत आहे का? सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात कुठेतरी आलंय का? हे दोन प्रश्न परीक्षक हमखास तपासतात.

## टप्पा ११ : ना-देय दाखला

शेवटच्या परीक्षेनंतर, निकालाची वाट न बघता, सगळी पुस्तकं परत करा. काउंटरवर तुमच्या समोर खात्यात 'रिटर्न' पडल्याचं बघा, मगच हला. मित्राच्या हाती पाठवलेलं पुस्तक मित्राच्याच घरी राहिल्याचं टी.सी. काढताना कळतं. पुस्तक हरवलं असेल तर त्याच आवृत्तीची किंवा नंतरची प्रत आणून देता येते का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी दंडासह किंमत भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ना-देय दाखला (ग्रंथालयाचं तुमच्याकडे काही देणं नाही असा कागद) घेतानाच अनामतीचा अर्जही द्या आणि त्यावर बँक खात्याचा तपशील तपासून लिहा.

संस्थेचा ई-मेल आणि ई-रिसोर्सेसचं लॉगिन काही काळाने बंद होतं. त्याआधी उतरवलेले लेख आणि झोटेरोतल्या नोंदी स्वतःच्या ई-मेलवरच्या खात्यात हलवून घ्या.